'फॉरमॅट'ला 'स्वरूपण' म्हणावं का?

ऑनलाइन स्प्रेडशीट कशी वापरायची यावर मराठीत टिपणं लिहितोय. 'फॉरमॅटिंग'ला 'स्वरूपण' हा शब्द बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण मला तो खटकतो. गूगल शीट्समध्ये एका सेलमध्ये (तक्त्यातल्या एका चौकटीत) १ जानेवारी २०२५ ही तारीख टाका आणि फॉरमॅट बदलून 'संख्या' करा. तिथे ४५६५८ दिसेल. तारीख बिघडलेली नसते. आत पहिल्यापासून तोच आकडा होता, ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस. ०.५ चे ५०% होतात तेही तसंच. म्हणजे बदललं ते नुसतं रूप. 'स्व-रूप' जागच्या जागी. मग 'स्वरूपण' कसं?

—

फोड बरोबर, पण शब्द फोडीवर चालत नाहीत. 'परीक्षेचं स्वरूप बदललं' म्हणतो तेव्हा आपण फॉरमॅटबद्दलच बोलत असतो. शिवाय फॉरमॅट आतल्या मालाला कधीच हात लावत नाही, असंही नाही. सेलला आधी 'साधा मजकूर' हा फॉरमॅट द्या आणि मग ००४२ टाइप करा. शून्यं टिकतात, आकडा डावीकडे सरकून बसतो, आणि त्या रांगेची बेरीज घेतली की तो गाळला जातो. इथे स्वरूपच बदललं की!

—

'सेल'चं काय करताय? 'पेशी' कृपा करून नको (यांत्रिक भाषांतरात वाचलंय, शपथेवर सांगतो). 'रकाना' म्हणावं तर फॉर्ममध्ये तो भरायची जागा असतो आणि वर्तमानपत्रात उभा कॉलम, म्हणजे गोंधळ ठरलेला. माझं मत 'घर'. बुद्धिबळात आपण घरच म्हणतो, आणि तिथेही ई४ असाच अक्षर-आकड्याचा पत्ता असतो.

आणि 'मर्ज'ला 'विलीन' लिहू नका. नद्या विलीन होतात तेव्हा दोघींचं पाणी राहतं. इथे चार सेल जोडले की डावीकडच्या वरच्या सेलमधलं तेवढं उरतं, बाकी तिघांतलं अनंतात विलीन.

—

मूळ प्रश्न माझाच. 'साधा मजकूर'चं उदाहरण बिनतोड आहे, तेव्हा 'स्वरूपण'वरचा आक्षेप अर्धा मागे घेतो. टिपणात तारीख, टक्के, चलन यांच्यासाठी 'फॉरमॅट' असंच लिहीन. ठळक अक्षरं, रंग, किनार यांना 'सजावट'. दोन्हींना एकच शब्द वापरला की तारखेचं रूप बदलणं आणि रंग बदलणं यांत लोकांचा गोंधळ होतो.

'घर' फार आवडलं. 'बी४ या घरात बेरीज मांडा' असं लिहूनही पाहिलं. पण पुढच्याच वाक्यात 'रिकामी घरं पिवळी करा' आलं आणि मुकाट 'सेल'वर परतलो. 'विलीन'च्या जागी 'जोडा' केलंय.

—

'जोडा'नेही कुणाला वाटेल मजकूर जोडला जाईल. 'सेल जोडा, मजकूर पहिल्याचाच राहील' असं सरळ लिहा.