हितसंबंध आणि दखलपात्रता

स्वतःच्या कामाविषयी स्वतःच लिहिले की ती बातमी न राहता जाहिरात होते, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. एखाद्या सॉफ्टवेअरमधील सुरक्षेची त्रुटी दुरुस्त झाल्याचे सर्वांत आधी त्याच्या निर्मात्यालाच ठाऊक असते, आणि त्याने संकोचाने गप्प बसणे कोणाच्याच हिताचे नाही. विकिपीडियाने विषयाची दखलपात्रता (त्यावर स्वतंत्र लेख असावा का) आणि लिहिणाऱ्याचा हितसंबंध हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. विषय दखलपात्र आहे की नाही, हे त्याच्याशी संबंध नसलेल्या विश्वसनीय स्रोतांनी त्याची सविस्तर नोंद घेतली आहे का, यावरून ठरते (प्रसिद्धिपत्रक दहा ठिकाणी जसेच्या तसे छापून आले, तरी ते त्यात धरत नाहीत). लिहिणाऱ्याचा हितसंबंध ही निराळी बाब असून, मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने तो कोणाकडून मिळतो हे उघड करावे, अशी अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ मध्ये वापराच्या अटींतच घातली.