मदत हवी आहे: बरा झालेला हिपॅटायटिस सी साक्षगंधाआधी सांगावा का? (नागपूर)

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच. वय ३३, नागपूरला एका पतसंस्थेत नोकरी करते. पुढच्या महिन्यात साक्षगंध आहे आणि एक गोष्ट माझ्याने ठरत नाहीये.

१९९८ मध्ये, मी सहा वर्षांची असताना, काटोल रोडवर बाबांच्या स्कूटरला मागून ट्रकची धडक बसली. माझं मांडीचं हाड मोडलं, रक्त खूप गेलं, तीन पिशव्या चढवाव्या लागल्या. त्या पिशव्या बाबा भर पावसात छातीशी धरून घेऊन आले होते, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेलं आहे. हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार. रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याचा अर्थ काय, ते बाबांनी २०१९ला स्वतःच जुळवलं. त्या दिवसापासून पावसाची ती गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितलेली नाही.

२०१९ला माझ्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत 'अँटी एचसीव्ही रिअॅक्टिव्ह' आलं, म्हणजे हिपॅटायटिस सीच्या विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं रक्तात सापडली. फायलीवर लाल स्टिकर लागलं, सकाळचा नंबर होता तो सगळ्यात शेवटी गेला, आणि वॉर्डातल्या एका माणसाने खाटेपाशी येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "सी वाली पेशंट हीच का?" दवाखान्याचं नाव घेत नाही. पुढे आरएनए तपासणीत, जी प्रत्यक्ष विषाणूच शोधते, विषाणू सापडला, पण फायब्रोस्कॅन ही यकृताची तपासणी चांगली निघाली, यकृत ठीक होतं. औषधं सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळाली. सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर, रोज एकेक गोळी, १२ आठवडे. आई रोज कालनिर्णयच्या पानामागे पेन्सिलीने एक रेघ मारायची. समोर मारली तर येणारंजाणारं कोणी विचारेल म्हणून मागे. अशा ८४ रेघा झाल्या. औषध संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए केली: 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, तू बरी झालीस, आता विसर हे. तो कागद आईने प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात तिच्या नारायणपेठीच्या घडीत ठेवला आहे.

आता मुलाबद्दल. नागपुरातल्याच महाल भागात घर आहे, स्वभावाने सरळ, बोलायला मोकळा. मला तो मनापासून आवडला आहे. त्यांच्याकडे आजोबांच्या पुण्यतिथीला दरवर्षी रक्तदान शिबिर असतं, सगळं घर रक्त देतं. मागच्या रविवारी फुटाळा तलावावर बसलो होतो तेव्हा त्याने माझा रक्तगट विचारला. मी म्हटलं बी पॉझिटिव्ह. त्याचा चेहरा एकदम खुलला. "माझा पण! यंदा शिबिरात दोघं सोबत देऊ." मी हिमोग्लोबिन कमी असतं म्हणून सांगून दिलं. खोटं. माझं १२.८ आहे. त्याने लगेच खजूर आणि बीट खायला सांगितलं, रोज रात्री आठवणीने विचारतो, खाल्लेस का. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आई म्हणते, "बरी झाली ना तू? मग काहून उकरून काढून राहिली?" तिची भीती उगाच नाही. २०२२ला अमरावतीच्या एका स्थळाला बाबांनी पहिल्याच बैठकीत सगळं सांगितलं. ते लोक कळवतो म्हणून गेले, आणि पंधरा दिवसांत आमच्याच एका नातेवाइकाचा फोन आला, पोरीला एड्स आहे म्हणतात, खरं का?

तर मी काय करू? सांगायचं तर फक्त त्याला की त्याच्या आईवडिलांनाही? साक्षगंधाआधी की नंतर? आणि सुरुवात कुठून करायची? बाबांना या वेळी मध्ये घालायचं नाही, त्यांचं खूप झालं आहे.

पिपेट
ताई, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. पहिली गोष्ट, कोणी कितीही आग्रह केला तरी शिबिरात रक्त देऊ नका. हिपॅटायटिस सी झालेल्याचं रक्त बरं झाल्यावरही घेत नाहीत. विषाणू गेला तरी प्रतिपिंडं बहुतेकांच्या रक्तात आयुष्यभर राहतात, म्हणून तुमची अँटी एचसीव्ही तपासणी पुढेही रिअॅक्टिव्हच येणार. शिबिरात दिलंत तर पिशवी नष्ट होईल आणि तुम्हाला समुपदेशनासाठी बोलावणं येईल. तो फोन सासरी कोणी उचलला तर?
बाळंतपणाच्या वेळीही पुष्कळ दवाखाने हीच तपासणी करतात. म्हणजे हे कधी ना कधी कोणाच्या तरी हातात कागद बनून पडणारच. तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं.
बाकी त्याला कशाचाही धोका नाही, हे ठामपणे सांगा. एका ताटात जेवल्याने हा आजार तसाही पसरत नाही, आणि तुमच्या रक्तात तर विषाणूच नाही. नवऱ्याला नाही, पुढे बाळालाही तुमच्याकडून जाणार नाही. विम्याच्या अर्जात मात्र जुना आजार विचारला असेल तर खरंच लिहा.

सदरची_काकू
बाळा, माझा मुलगा मागच्या वर्षी लग्नाचा झाला, म्हणून सासूच्या बाजूने लिहिते. मला कोणी सांगितलं असतं तर मी आधी घाबरले असते आणि चार जणींना फोन केले असते. खरं तेच सांगते. म्हणून आम्हाला बैठकीत सांगू नकोस. बैठकीत दहा कान असतात, अमरावतीच्या वेळी तेच झालं. त्याला एकट्याला सांग, साक्षगंधाआधी सांग. पुढे आईवडिलांना सांगायचं की नाही, कधी आणि कोणी, ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. आणि हिमोग्लोबिनचं खोटं होतं हेही त्याच वेळी सांगून टाक. ते मागाहून कळलं तर आजारापेक्षा जास्त लागेल त्याला.

विदर्भवासी
मी काकूंशी सहमत नाही. बरा झालेला टायफॉइड कोणी सांगत बसतं का? तुमची तब्येत ही तुमची खाजगी गोष्ट आहे. शिबिराच्या दिवशी डॉक्टरांनी मनाई केली आहे म्हणा, ते खोटंही नाही.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. विदर्भवासी दादा, तुमचं वाचून दोन दिवस फार हलकं वाटलं होतं, खरंच. पण मग रात्री त्याचा मेसेज आला, "आज बीट?" आणि मला उत्तर लिहिता आलं नाही. हे दरवर्षी त्या शिबिराच्या आधी होत राहील, ते माझ्याने होणार नाही.
सांगायचं ठरवलं आहे. रविवारी भेटतोय, फुटाळ्यावर नाही, तिथे फार गर्दी असते. अंबाझरीच्या बागेत सकाळी. सुरुवात अशी करणार आहे: "माझं हिमोग्लोबिन कमी नाहीये. मी रक्त का देऊ शकत नाही ते सांगायचं आहे." तिथून अपघातावर येईन. काल आईला कागद मागितला. बराच वेळ काही बोलली नाही, मग साडीची घडी उलगडून पाकीट काढून दिलं. म्हणाली, झेरॉक्स ने, असली कागद घरीच राहू दे.
पिपेट दादा, फक्त शेवटचा आरएनएचा रिपोर्ट नेऊ की २०१९चा पहिला पण?

पिपेट
दोन्ही न्या. आधी पहिला दाखवा, मग शेवटचा. तारखा त्याला स्वतःला वाचू द्या. आणि काही विचारायचं असेल तर तुमच्या डॉक्टरांकडे दोघं मिळून जाऊ शकता, हेही सांगून ठेवा.