मदत हवी आहे: लोराचा वेग कमी केला, तरी मोटर बंद करण्याचा निरोप भरवशाने पोचत नाही

वेलीमांडव:

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. विहीर घरापासून अकराशे मीटरवर, नाल्याच्या कडेला, मधे बाग. रात्रीची लाइट असली की वडील बॅटरी घेऊन मोटर बंद करायला जातात. बांधावर साप निघतात आणि वडिलांना आता अंधारात नीट दिसत नाही. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आहे, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकल्यावर मी लोरावर, म्हणजे लांब पल्ल्याच्या पण कमी वेगाच्या रेडिओवर, यंत्रणा बसवली. विहिरीच्या स्टार्टरपाशी एक नोड (छोटं रेडिओ यंत्र), बागेत ओलावा आणि ठिबकचा दाब मोजणारे चार, घरी या सगळ्यांशी बोलणारा गेटवे. ८६६ मेगाहर्ट्झ, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर ७ (हा आकडा ७ ते १२, वाढवला की वेग कमी होतो). प्रत्येक नोड दर १० सेकंदांनी २० बाइट पाठवतो. अँटेना मांडवाच्या खांबांना साडेपाच फुटांवर.

एप्रिलभर एकही निरोप चुकला नाही. मेअखेर मांडव पानांनी भरला आणि निम्मे निरोप गळू लागले. वेग कमी केला की भरवसा वाढतो असं वाचलं होतं, म्हणून सगळे नोड फॅक्टर १२ वर नेले. गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला मी मोबाइलवर 'बंद' दाबलं. पोच आली नाही, यंत्रणेने आपणहून पुन्हा पाठवलं, मी झोपले. मोटर रात्रभर चालू होती. सकाळी विहिरीत पाणी नाही, पंप कोरडा फिरत होता आणि बॉडीला हात लावता येत नव्हता. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. स्टार्टर उघडून त्यांनी माझ्या तारा सोडवल्या आणि गुंडाळून ओट्यावर ठेवल्या.

७ आणि १२ च्या मधलं काय निवडू? वेग किती सोडला तर भरवसा मिळेल?

गोदाकाठ: ताई, मोबाइलच्या सिमवर चालणारा स्टार्टर बाजारात मिळतो, तो घ्या. एवढी खटपट कशाला?

वेलीमांडव: दादा, नाल्याच्या खोलगटात कुठलीच रेंज येत नाही. आधी तेच करून पाहिलं होतं.

तारायंत्र: आकडा सांगण्याआधी दोन गोष्टी विचारतो. पोचेची वाट किती वेळ पाहता, आणि विहिरीच्या नोडला निरोप मिळाला की तो नेमकं काय करतो?

वेलीमांडव: काका, वाट एक सेकंद, एकूण तीन प्रयत्न. निरोप मिळाला की रिले, म्हणजे मोटरचा विजेवर चालणारा स्विच, पालटतो: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. मग पोच पाठवतो.

तारायंत्र: मग दोष इथेच आहे. सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी बऱ्याच जणांच्या यंत्रणेत पाहिली आहे.

फॅक्टर ७ वर तुमची आठ बाइटची पोच ३६ मिलिसेकंदांत येत होती, एक सेकंद भरपूर होता. १२ वर तीच पोच हवेतच जवळजवळ एक सेकंद राहते. रिले पालटायचा वेळ वर. म्हणजे पोच पुरी होण्याआधीच तुमचा गेटवे 'मिळाली नाही' म्हणून पुन्हा बोलू लागतो, आणि बोलताना त्याला ऐकू येत नाही. तिकडे विहिरीचा नोडही अजून पोच देत असतो, त्यामुळे हा दुसरा निरोप त्याला कधी कळतो, कधी नाही. तिसरा कळतो. तीन कळले तर रिले तीनदा पालटून मोटर बंद. दोन कळले तर बंद होऊन पुन्हा चालू. मंगळवारी रात्री बहुधा हेच झालं. तुमचा 'बंद' पोचला होता, ताई. तो दोनदा पोचला.

तेव्हा निरोपात 'पालट' असा शब्दच नको. 'क्रमांक ४१२: बंद स्थितीत जा' असं लिहा. तो दहा वेळा पोचला तरी मोटर बंदच राहील. तोच क्रमांक पुन्हा आला तर नोडने फक्त पोच पुन्हा द्यावी. आणि पोचेत रिलेची स्थिती पाठवू नका, मोटरच्या वायरवरून मोजलेला करंट पाठवा. रिले चिकटला तर तो खोटं सांगेल, करंट सांगणार नाही.

आता गळतीचं. तुमचं २० बाइटचं पॅकेट ७ वर ५७ मिलिसेकंद हवेत असतं, १२ वर १.३ सेकंद. पाच नोड, दर दहा सेकंदांनी: दहातले साडेसहा सेकंद हवा भरलेली. कोणी कोणाला विचारून बोलत नाही, त्यामुळे टक्कर न होता सुटणारी पॅकेट दहात जेमतेम तीन. ज्याचा सिग्नल जोरकस, त्याची आणखी थोडी वाचतात. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये अलोहा नावाचं रेडिओ जाळं चालू केलं, त्यावरून निघालेलं गणित आजही लागू आहे: असं न विचारता बोललं तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोग होतो. जमिनीचा ओलावा दहा सेकंदांत बदलत नाही. पंधरा मिनिटांनी पाठवा, पोच मागू नका, एखादा गळला तर गळू द्या. भरवसा फक्त मोटरच्या निरोपाला हवा.

फॅक्टरची एक पायरी चढलं की संवेदनशीलता, म्हणजे क्षीण सिग्नल ऐकण्याची ताकद, साधारण अडीच डेसिबलने वाढते आणि हवेतला वेळ जवळजवळ दुप्पट होतो. ७ ते १२ मिळून साडेबारा डेसिबल. पानांनी त्याहून जास्त खाल्लं असेल तर फॅक्टर किती पुरणार? ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटरची. अकराशे मीटरच्या मधोमध तिला दृष्टिरेषेभोवती पावणेदहा मीटर त्रिज्येची जागा लागते, आणि त्यातली निदान साठ टक्के मोकळी हवी. साडेपाच फुटांवर ती रेषाच मांडवातून जाते. गेटवेची अँटेना घराच्या टाकीवर चढवा, विहिरीवर वीस फुटी पाइप उभा करा, मग फॅक्टर ९ वर मोजून पाहा.

शेवटचं आणि सगळ्यात गरजेचं: मोटर बंद होणं रेडिओवर अवलंबून ठेवू नका. गेटवेने दर दोन मिनिटांनी 'चालू राहा' म्हणावं. ते दहा मिनिटं ऐकू आलं नाही तर नोडने स्वतः मोटर बंद करावी. करंट कोरड्या पंपासारखा पडला तर कोणाला न विचारता लगेच.

वेलीमांडव: काका, तीनदा वाचलं. दोन पोचले तर उलट, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एक शंका: रेडिओ अडला म्हणून मोटर उगाच बंद पडली तर आमची पाण्याची पाळी जाते, लाइट परत दुसऱ्या दिवशी. दहा मिनिटं कमी नाहीत ना?

तारायंत्र: मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. दहात एक निरोप सुटा सुटा गळत असता, तर सलग पाच गळणं लाखात एकदा झालं असतं. पण गळती सुटी नसते, अडथळा आला की सलग येते. मोटर न जोडता आठवडाभर नोंद ठेवा आणि सर्वांत लांब खंड पाहा.

वेलीमांडव (नऊ दिवसांनी): अँटेना वर चढवल्या, फॅक्टर ९ ठेवला. आठ दिवसांत सर्वांत लांब खंड सहा मिनिटांचा, तोही वळिवाचा पाऊस कोसळत होता तेव्हा. दहा मिनिटंच ठेवली. बॅटरीचाही उपसा कमी झाला.

वडिलांना मोबाइल नको आहे. ते म्हणाले, पडवीत दिवा लाव, मोटर चालू असेल तोवर लाल. तो आता करंटच्या पोचेवरच चालतो, आणि पोच आली नाही तर विझत नाही, लुकलुकतो. काल रात्री दिवा विझेपर्यंत ते पडवीत बसून होते. ओट्यावरच्या तारा त्यांनीच सकाळी परत जोडल्या.