वजन ११८ किलो, गाडी इंटरसेप्टर ६५०: मागचे शॉकअप कोणते घेऊ?

साखळीचा_स्वार
नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५०, मागचे शॉकअप कंपनीचेच. माझं वजन ११८ किलो, हेल्मेट-जॅकेट वेगळं. रोज साखळी ते वेर्णा, आणि अधूनमधून बायकोला घेऊन चोर्ला घाटातनं बेळगाव. एकटा असलो तरी मोठ्या गतिरोधकावर मागनं ठक्कन आवाज येतो. दोघं असलो की खड्ड्याचा दणका कंबरेतनं निघून थेट मानेत. बायकोनं तर आता सांगूनच टाकलंय, बेळगावला जायचं तर कदंबाच्या बसनं.

गॅरेजवाल्यानं प्रीलोड (शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती खाच) शेवटच्या खाचेवर नेऊन दिला आणि "आता कडक झालं" म्हणाला. ठक्क थोडं कमी झालं, पण जायचं नाव नाही. बजेट वीसेक हजार, थोडं वर गेलं तरी चालेल. वायएसएस, हॅगन, ओलिन्स ही नावं वाचलीत. कोणते घेऊ? सीट बदला असं सांगू नका, ती बदलून झाली.

म्हापशेकर
आधी टायरची हवा बघा. एकट्यासाठी आणि दोघांसाठी मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे असतात, पेट्रोल पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच मारतो. आणि रात्रीचं जेवण थोडं कमी करा, तो सल्ला फुकट. 😄

साखळीचा_स्वार
हवा स्वतःच्या गेजनं मारतो, दर आठवड्याला. जेवणाचं बायकोच्या हातात आहे, तिला सांगायची हिंमत तुम्ही करा.

अंत्रुजकर
नावं राहू द्या बाजूला. आधी मोजा, त्याशिवाय कुणीही काहीही सुचवलं तर तो अंदाजच.

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत लोंबू द्या. ॲक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या फ्रेमवर चिकटपट्टीनं खूण करा आणि ॲक्सल ते खूण अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. मग गाडी चाकांवर उभी करून, कुणी न बसता. मग तुम्ही पूर्ण तयारीत बसून, दोन्ही पाय फूटपेगवर; समोरनं एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं टेप. शेवटी बायकोला मागे बसवून. प्रत्येक वेळी गाडी दोन-तीनदा दाबून सोडा आणि स्थिरावली की मापं घ्या. चार आकडे इथं टाका, मग बोलू.

साखळीचा_स्वार
शेजाऱ्याला पकडून केलं. चाक लोंबतं ४९८, नुसती गाडी ४९२, मी बसून ४६१, दोघं बसून ४४१. प्रीलोड शेवटच्याच खाचेवर.

अंत्रुजकर
झकास. यातच उत्तर आहे.

इंटरसेप्टरच्या मागच्या चाकाला वर-खाली व्हायला एकूण ८८ मिमी जागा आहे. तुम्ही बसलात की त्यातली ३७ संपते, म्हणजे ४२ टक्के. रस्त्यावरच्या गाडीला साधारण २५ ते ३३ टक्के ठीक, म्हणजे २२ ते २९ मिमी. दोघं बसलात की ५७ गेली, उरली ३१. एवढ्यात आपल्याकडचा गतिरोधक कसा मावणार? शॉकअप तळाला टेकतो, तोच तुमचा ठक्क.

आता प्रीलोडचं. खाच फिरवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी मागनं उंच बसते. नुसती गाडी ६ मिमी खचते आणि तुमच्या वजनानं आणखी ३१. खाच फिरवली तर दोन्ही उंच्या एकदम वर किंवा एकदम खाली सरकतात, मधलं ३१ जवळजवळ तसंच राहतं. कारण ते ठरतं स्प्रिंगच्या कडकपणावर. आणखी खाचा असत्या आणि तुम्ही त्या फिरवत राहिला असता, तर नुसती गाडी खचलीच नसती, चाक वरच्या टोकाला अडकून राहिलं असतं. मग खड्डा आला की चाकाला खाली पडायला जागा नाही, सगळी गाडीच खड्ड्यात उतरते. ते "कडक झालं" म्हणजे हेच.

तेव्हा तुम्हाला हवी जास्त रेटची स्प्रिंग, म्हणजे तेवढीच दाबायला जास्त वजन लागेल अशी. आताच्यापेक्षा तीसेक टक्के कडक घेतली तर ३१ चे २४ होतील. नुसत्या गाडीचे ५-६ धरून एकूण तिसाच्या आत. बायको बसल्यावर आता २० मिमी जातात, तिथं १५ जातील. उरतात ४३, आणि बेळगावला निघताना दोन खाचा वर नेल्या की आणखी थोडे. माणूस मागे बसतो तो जवळपास ॲक्सलवरच, त्यामुळे त्याचं बहुतेक सगळं वजन मागच्या चाकावर येतं. पण म्हणून दोघांच्या वजनाची स्प्रिंग मागवू नका. रोज वेर्णाला एकटे जाता, मग एकट्याचे हाल होतील.

चोडणचो_बाब
एवढा खर्च कशाला? स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे तुकडे घालतात, चारशे-पाचशेत काम होतं. आमच्या इथला एक पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) त्यावरच भाडी मारतो.

अंत्रुजकर
रबर घातलं की तेवढी वेटोळी हलायची बंद होतात, म्हणून स्प्रिंग कडक लागते, हे खरं. पण सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो, आणि रबराच्या कडेला पाणी-चिखल अडकून गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय डँपर, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा तेलाचा भाग, जुनाच. कडक स्प्रिंग उसळते पण जोरात, तिला आवरायला रिबाउंड डँपिंगही (दाबलेला शॉकअप परत वर येतानाची अडवणूक) तेवढंच लागतं. नाहीतर खड्ड्यात शांत आणि खड्ड्यातून वर येताना मागचा माणूस सीटवरून उडतो. पायलटची गाडी शंभर-सव्वाशे सीसीची, पणजीत चाळीसच्या वर क्वचित जाते. तिथं चालून जातं, चोर्ल्याच्या वळणांवर नको.

नुसती स्प्रिंग बदलायची नाही ती याचसाठी. जोडी पूर्ण घ्या.

आता नावं. ओलिन्स उत्तम, पण ते तुमच्या बजेटच्या कित्येक पट. हॅगन ब्रिटिश, ऑर्डर घेतानाच चालकाचं वजन विचारून स्प्रिंग घालून देतात, ही त्यांची जमेची बाजू. पण मागवणं, कस्टम ड्यूटी, आणि काही बिघडलं तर परत पाठवणं आलं. वायएसएस थायलंडचे, भारतात मिळतात, तुमच्या पैशांत बसतात. मी असतो तर वायएसएसचे गॅसवाले घेतले असते, रिबाउंडचा स्क्रू असलेले. बाजूला डबा असलेले दिसायला छान, घाटात तेल कमी तापतं हेही खरं, पण तुमच्या वापराला त्यावर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही.

मात्र विकणाऱ्याला "इंटरसेप्टरचे द्या" एवढंच सांगितलंत तर सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाची स्प्रिंग येईल, आणि वीस हजार घालून ठक्क आहे तिथंच. वजन सांगा, मागे कोण बसतं ते सांगा, स्प्रिंगचा रेट लेखी मागा. बहुतेक स्प्रिंगवर आकडा छापलेला असतो. रेट सांगता येत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

मोरजीची_मीठवारा
बायकी आवाज म्हणून एक सांगते, मागे मीच बसते. 🙂 नवऱ्यानं शॉकअप बदलल्यावर मला फरक जाणवला तो रिबाउंडचा. पहिल्या दिवशी दुकानातनं आले तसे चालवले तेव्हा गाडी बोटीसारखी हलत होती. स्क्रू दोन-दोन क्लिक आवळत गेलो तशी शांत झाली. फार आवळला तेव्हा लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप वर यायच्या आतच पुढचा खड्डा, असं होऊन पुन्हा कडक लागू लागली. मग एक पायरी मागे. घाईनं ठरवू नका, रोजच्याच रस्त्याच्या एका तुकड्यावर बघा.

आणि किनाऱ्याकडे गाडी लावत असाल तर शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर मीठ बसतं. त्याला बारीक खड्डे पडले की ते ऑइल सील कापतात आणि तेल गळायला लागतं. गोड्या पाण्यानं साध्या पाइपनं धुवा. वॉशिंगवाल्याला प्रेशरचा फवारा सीलवर धरू देऊ नका.

साखळीचा_स्वार
मीठ आमच्याकडे नाही, लाल धूळ आहे, ती काय कमी?

एक विचारायचं राहिलं. एक दुकानदार म्हणतो, २० मिमी लांबीचे घ्या, गाडी उंच राहील, टेकणारच नाही.

अंत्रुजकर
नको. लांबी म्हणजे शॉकअपच्या वरच्या डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) खालच्या डोळ्यापर्यंतचं अंतर, ते कंपनीएवढंच ठेवा. मागनं उंच केली की पुढचा फोर्क उभा होतो, हायवेला सरळ जाताना हँडल हलकं लागतं. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, डबल स्टँडवर चाक टेकायला लागतं. आणि स्प्रिंग मऊच राहिली तर टेकायची ती टेकतेच. तुमचा प्रश्न उंचीचा नव्हेच.

बसवताना बुशचं (डोळ्यात बसणाऱ्या नळीचं) माप जुळतंय ना बघा, हातोड्यानं ठोकून घालू देऊ नका. नट टॉर्क पान्यानं, आणि पहिल्या आठवड्यानं परत एकदा. नंतर चेन तपासा: गाडी आता वेगळ्या उंचीवर बसेल, तेव्हा ढिलाई बदललेली दिसेल. पुढचा स्प्रॉकेट, चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते, तिथं थोडी तरी सैल हवी.

हेडलाइटही खाली घ्यायचा की वर, ते भिंतीवर पाडून ठरवा. आतापर्यंत मागनं खचलेली असल्यामुळे तुमचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जात असणार.

साखळीचा_स्वार
तरीच! हायवे ६६ वर रात्री समोरचे सगळे डिपर मारतात, मला वाटायचं ओळखीचे असतील.

वायएसएसवाल्याला वजन आणि वरचे चार आकडे पाठवलेत. रेट विचारल्यावर म्हणाला, "उद्या सांगतो." बसवले की परत मोजून इथंच टाकतो.

म्हापशेकर
जेवणाचं वहिनींना तेवढं मीच सांगू का?