पाच हुकमी स्कोअरर म्हणजे संघ नव्हे

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधून पाच जणांचा स्वप्नातला संघ निवडा, असा विषय निघाला की पीटरसन, डिबान्त्सा, बूझर, टॉपिन वगैरे यादी येते. 2025-26 च्या मोसमातले खेळाडू म्हणून नावं एकेक जबरदस्त, पण पाचही नवरदेवच, मग वरातीत नाचणार कोण?

माझ्या संघात पहिलं नाव पर्ड्यू विद्यापीठाच्या ब्रेडन स्मिथचं. उंची जेमतेम सहा फूट, पण पिक-अँड-रोल बघा त्याचा, म्हणजे सहकारी डिफेंडरची वाट अडवतो (हाच स्क्रीन) आणि मग बास्केटकडे वळतो, ती चाल. स्क्रीन घेतला की हा सुसाट पळत नाही, उलट वेग कमी करतो. मागून येणाऱ्या डिफेंडरला पाठीवरच अडकवून ठेवतो. समोरचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा उंच खेळाडू, पुढे यावं की मागे हटावं या पेचात असतानाच पास कोपऱ्यात गेलेला असतो. 2025 चा बॉब कूझी पुरस्कार, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम पॉइंट गार्डचा मान, उगाच नाही मिळाला.

त्या कोपऱ्यात यूकॉनचा (कनेक्टिकट विद्यापीठ) ॲलेक्स कराबान. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षांच्या राष्ट्रीय विजेत्या संघांत होता, आणि चेंडू हातात नसतानाही उपयोगी पडतो. कॅन्ससचा पीटरसन दुसरा गार्ड, ड्यूकचा कॅमेरॉन बूझर चार नंबरला, म्हणजे पॉवर फॉरवर्ड. यावर वाद नसावा.

सेंटरला मिशिगनचा लेंडेबोर्ग. खरा सेंटर नाही, मान्य. पण बचावात कुणालाही धरतो, आणि ज्युनिअर कॉलेजातून (तिकडची दोन वर्षांची छोटी कॉलेजं) वर आलेल्यांबद्दल मला जरा जास्तच माया आहे.

फाउलचा हिशेबही धरा. व्यावसायिक एनबीएत सहाव्या फाउलला बाहेर, इथे कॉलेजात पाचव्यालाच. म्हणून बाकावर सेंट जॉन्सचा झुबी एजिओफोर हवाच. डिबान्त्सा? सहावा खेळाडू, बाकावरून पहिला उतरणारा. घाला शिव्या.