नॉर्थ मेलबर्न: पोरं गुणी आहेत, मग क्लार्कसनचा संघ गोल का अडवू शकत नाही?

आर्डनस्ट्रीटकर

नमस्कार मंडळी. इथे नॉर्थचे सभासद फार नाहीत, पण फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल, AFL) मन लावून बघणारे बरेच आहेत, म्हणून सगळ्यांनाच विचारतो.

आमच्याकडे पोरं चांगली आहेत याबद्दल वाद नसावा. हॅरी शीझलने 2023 मध्ये पहिल्याच सामन्यात 34 वेळा बॉल मिळवला, रायझिंग स्टार (लीगमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू) झाला आणि त्याच वर्षी क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचं सिड बार्कर मेडलही घेऊन गेला. जॉर्ज वॉर्डलॉ अंगात बळ असेपर्यंत कुणाला सोडत नाही, फक्त दुखापती त्याची पाठ सोडायला हव्यात. कोल्बी मॅकर्चर, फिन ओसुलिव्हन हे दोघे आपापल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवी पोरं क्रमाने निवडतात तो) दुसऱ्या क्रमांकावर आलेले. ल्यूक डेव्हिस-युनिएक दुसरीकडे जाणार अशी हाकाटी होती, त्याने 2025 मध्ये करार वाढवला. पुढे निक लार्की आहे, ज्याने 2023 च्या भिकार मोसमातही 71 गोल मारले.

माझा प्रश्न आमचा कोच अ‍ॅलिस्टर क्लार्कसन याच्याबद्दल आहे.

2023 मध्ये 3 विजय, 2024 मध्ये 3, 2025 मध्ये 5 आणि एक बरोबरी. हाच माणूस 2005 मध्ये हॉथॉर्नला आला तेव्हा पहिल्या वर्षी 5 जिंकला, दुसऱ्या वर्षी 9, तिसऱ्या वर्षी 13 जिंकून फायनल्समध्ये (मोसमाअखेरच्या बाद सामन्यांत) गेला आणि चौथ्या वर्षी, 2008 मध्ये, थेट प्रीमियरशिप, म्हणजे कप. आमच्याकडे 2026 हे त्याचं चौथं वर्ष. कप कुणी मागत नाहीये. पण तो संघ कशासाठी नावाजला गेला ते आठवा. क्लस्टर! प्रत्येकाने आपापल्या माणसामागे धावण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून जागा अडवायची आणि समोरच्याला किक मारायला मोकळा माणूसच दिसू द्यायचा नाही. ग्रँड फायनलपर्यंत मोसमात एकच सामना हरलेल्या जीलाँगला त्यांनी हरवलं. अख्ख्या लीगला सांघिक बचाव शिकवणाऱ्या कोचचा आजचा संघ बचावात सगळ्यात कच्च्या संघांपैकी एक आहे. हे मला खरंच कळत नाही.

मी मार्व्हल स्टेडियमला वरच्या मजल्यावर, गोलपोस्टच्या मागे बसतो. टीव्हीवर बॉल दिसतो, तिथून मैदान दिसतं. ट्रिस्टन झेरी टॅप देतो (उंच बॉल हाताने आपल्या माणसाकडे टोलवतो), डेव्हिस-युनिएक गर्दीतून बॉल काढून निघतो, इथपर्यंत आम्ही कुणालाही भारी आहोत. बॉल फॉरवर्ड 50 मध्ये, म्हणजे समोरच्या गोलपासून 50 मीटरच्या आत जातो. मार्क (हवेतला झेल) झाला तर उत्तम. नाही झाला आणि समोरच्या हाफबॅकने (बचावातल्या खेळाडूने) तो उचलला की त्या क्षणी बॉलवरची नजर काढून मागे बघा. आमचे तीन मिडफील्डर गोलच्या आशेने पुढे आलेले असतात, पलीकडचा विंगर चालत असतो (धावत नव्हे, चालत), आणि मैदानाचा मधला पट्टा मोकळा पडलेला असतो. दोन हँडबॉल, एक लांब किक, आणि आमचा डिफेंडर चार्ली कॉम्बेन एकटा दोघांना तोंड देतो. असं एकाच क्वार्टरमध्ये चार-चार वेळा होतं.

2025 मध्ये जीलाँगच्या जेरेमी कॅमेरनने आमच्यावर 11 गोल मारले तेव्हा जो तो बॅकलाइनला बोलत होता. 11 गोल एका डिफेंडरच्या माथी मारता येत नाहीत. बॉल तिथवर इतक्या सुखासुखी पोचतो कसा?

तर तुम्हाला काय वाटतं? वय कमी म्हणून हे होतंय, शिकवलं जात नाहीये म्हणून, की अजून काही? आणि 2027 ला संपणारा क्लार्कसनचा करार वाढवावा का?

दमानेघ्या

दादा, तुम्ही 2005 च्या हॉथॉर्नशी तुलना करताय, पण त्याला तिथे काय मिळालं होतं ते बघा. ल्यूक हॉज आणि सॅम मिचेल 2001 च्या ड्राफ्टपासून मुरत होते. 2004 च्या एकाच ड्राफ्टमध्ये रफहेड, फ्रँकलिन आणि लुईस आले. म्हणजे नवी पोरं आली तेव्हा त्यांच्यावर तीन-चार वर्षांनी मोठे खेळाडू हजर होते.

नॉर्थने 2020 च्या मोसमानंतर एका झटक्यात 11 खेळाडू काढले. शॉन हिगिन्स जीलाँगला गेला, बेन ब्राउन मेलबर्नला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे प्रीमियरशिप जिंकला. आज जे 25 ते 28 वयाचे असायला हवे होते ती पिढीच संघात नीट उरलेली नाही. म्हणून तर 2024 च्या शेवटी ल्यूक पार्कर, केलेब डॅनियल आणि जॅक डार्लिंग यांना बाहेरून आणावं लागलं. ती मलमपट्टी आहे, पण जखम क्लार्कसनने केलेली नाही.

शिवाय 2023 मध्ये मे ते ऑगस्ट तो कामावर नव्हता, ब्रेट रॅटनने संघ सांभाळला. ते वर्ष त्याच्या खात्यात पूर्ण कसं धरायचं?

रिचमंडने डेमियन हार्डविकला 2010 च्या मोसमापासून कोच म्हणून घेतलं. 2016 मध्ये संघ 18 संघांत तेरावा आला, त्याला हाकला म्हणून किती ओरड झाली. क्लबने धीर धरला आणि 2017, 2019, 2020 असे तीन कप आले. माझं मत स्पष्ट आहे, हात लावू नका.

फक्तनिकाल

हार्डविक चौथ्या वर्षी, 2013 मध्ये, फायनल्समध्ये होता. ते सांगायचं राहिलं.

जून 2024, कॉलिंगवूड. आम्ही 54 पॉइंट्सनी (एक गोल म्हणजे 6 पॉइंट्स) पुढे होतो आणि एका पॉइंटने हरलो. शेवटच्या मिनिटातल्या, अंपायरने न दिलेल्या 50 मीटर पेनल्टीवर (बॉल तेवढा पुढे न्यायला मिळतो) लोक अजून भांडतात. मला ते भांडण नको. 54 ची आघाडी असताना बॉल हळू करा, कडेने न्या, मागे जादा माणूस ठेवा, हे बेंचवरून कुणी सांगायचं?

आणि 2024 च्या ड्राफ्टमध्ये मॅट व्हिटलॉकसाठी 2025 चा पहिल्या फेरीचा हक्क रिचमंडला दिला. मुलगा चांगला असेल, उंच आहे, वेळ लागेल. पण जो क्लब तळाला आहे त्याने पुढच्या वर्षीचा पहिला हक्क विकायचा म्हणजे ‘आम्ही वर चढणार’ यावर पैज लावायची. आम्ही सोळावे आलो.

शिनबोनरताई

तुम्ही सगळे पुरुषांच्याच संघाबद्दल बोलताय. त्याच आर्डन स्ट्रीटवर, त्याच क्लबमध्ये, डॅरेन क्रॉकरने महिलांचा संघ कसा बांधला ते जरा बघाल का? 2023 ची ग्रँड फायनल ब्रिस्बेनकडून हरल्या, 2024 मध्ये त्याच ब्रिस्बेनला हरवून कप घेतला, मोसमात एकही पराभव नाही. 2025 मध्ये पुन्हा कप, पुन्हा अपराजित.

जॅस्मिन गार्नरचं कौतुक सगळे करतात, करायलाच हवं. पण मी मैदानावर जाऊन बघते तेव्हा मला वेगळंच दिसतं. बॉल हातातून गेल्यावर पहिली पाच पावलं. जिच्या हातून गेला ती आधी वळते, मागोमाग बाकीच्या. कुणी हात वर करून अंपायरकडे बघत बसत नाही. समोरच्या संघाला बॉल मिळतो पण पुढे सरकताच येत नाही, आणि मग त्या घाईने किक मारून तो परत देतात. आर्डनस्ट्रीटकरदादा, तुमच्या त्या चालणाऱ्या विंगरला एक दिवस हे बघायला न्या.

मला वाटतं हे शिकवता येतं, आणि वयाशी याचा संबंध कमी आहे. 19 वर्षांच्या मुलीही हे करतात.

तपकिरीसोनेरी

मी हॉथॉर्नवाला, त्यामुळे बाहेरचा. पण क्लार्कसनची सगळी वर्षं मी पाहिली आहेत, त्यातून एक सांगतो.

क्लस्टर फळ्यावर काढायला सोपा आहे. सामन्यात तो चालवायला मागे उभं राहून सतत ओरडणारा माणूस लागतो: तू डावीकडे सरक, तू वर ये, त्याला सोड. आमच्याकडे ते काम हॉज करायचा. 2008 आणि 2014 च्या ग्रँड फायनलमध्ये नॉर्म स्मिथ मेडल (सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू) त्याला उगाच नाही मिळालं. क्लार्कसनचं अर्धं कोचिंग हॉजच्या तोंडून मैदानात जायचं. नॉर्थकडे पाठीमागे असा आवाज कुणाचा आहे? कॉम्बेन मेहनती आहे, पण तो स्वतःचाच माणूस सांभाळून दमतो.

म्हणून माझा सल्ला ऐकायला विचित्र वाटेल. शीझलला परत हाफबॅकला न्या. 18 वर्षांखालच्या फुटीत तो फॉरवर्ड होता, तुमच्याकडे पहिलं वर्ष मागे खेळला, मग मिडफील्डला गेला. तुमच्या संघात समोरचं मैदान सगळ्यात लवकर त्याला वाचता येतं. मिडफील्डला वॉर्डलॉ, डेव्हिस-युनिएक, ओसुलिव्हन, मॅकर्चर असताना त्याची तिथे गरज नाही, मागे आहे.

बाकी, आमच्या सॅम मिचेलने कोच म्हणून 2022 च्या शेवटी टॉम मिचेल आणि ओमेरा दोघांना जाऊ दिलं, 2023 मध्ये आम्ही सोळावे होतो, 2024 चे पहिले पाचही सामने हरलो. तरी त्याच वर्षी सातवे येऊन सेमी फायनलमध्ये पोर्ट ॲडलेडकडून फक्त 3 पॉइंट्सनी हरलो. गाडी सुरू झाली की फार वेळ लागत नाही.

फक्तनिकाल

शीझलला मागे? लीगमधल्या सर्वोत्तम तरुण मिडफील्डरपैकी एक आहे तो. नको.

दमानेघ्या

मला शीझलचं पटलं. एकच भर घालतो. 2028 पासून टास्मानियाचा संघ येतोय, बरीच चांगली पोरं तो उचलणार, त्यामुळे पुढचे ड्राफ्ट आधीच विरळ होणार, आणि मॅकर्चर मुळचा तिकडचाच आहे, तो जाईल ही भीती वेगळीच. म्हणजे हाताशी आहेत त्याच पोरांवर काम करायचं. अशा वेळी कोच बदलून पाचवी पद्धत शिकवायला घेतली तर सगळंच मुसळ केरात. डेव्हिस-युनिएकने इतक्यात ब्रॅड स्कॉट, राइस शॉ, डेव्हिड नोबल आणि क्लार्कसन बघितलेत.

आर्डनस्ट्रीटकर

सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, आभार.

दमानेघ्या, पिढी तुटल्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. 2020 ची ती कत्तल मला अजून सलते, आणि ब्राउनला मेलबर्नच्या जर्सीत कप उचलताना बघणं फार जड गेलं होतं. पण त्या कारणाने आपण सामने का हरतो ते कळतं, माणूस चालत का येतो ते कळत नाही. पॉल रूस 2014 मध्ये मेलबर्नला आला तेव्हा त्यांनी आदल्या वर्षी 2 सामने जिंकले होते. त्याच्याकडेही अनुभवी माणसं फारशी नव्हती. त्याने आधी गोल देणं थांबवलं. बघायला कंटाळवाणी फुटी होती, त्यांचेच लोक वैतागले होते. पण विजय 4, मग 7, मग 10 झाले, आणि त्या पायावर सायमन गुडविनने 2021 चा कप आणला. मला आमच्याकडे हा क्रम हवा होता. आम्ही आक्रमणापासून सुरुवात केली. पोरं त्यात रमली, प्रेक्षकही रमले, मीही टाळ्या वाजवल्या. 2025 च्या दुसऱ्या फेरीत मेलबर्नला 59 पॉइंट्सनी लोळवलं त्या दिवशी सगळं सुंदर दिसत होतं. पण ती फुटी बॉल आपल्याकडे असेपर्यंतच चालते.

ताई, पहिली पाच पावलं हे तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. पुढच्या मोसमात मी तेवढंच बघणार आहे. 2026 पासून सातव्या ते दहाव्या संघांना वाइल्डकार्ड (फायनल्समध्ये शिरण्यासाठी जादा सामना) मिळणार, त्यामुळे ‘दहावे या, बस’ अशी चर्चा आत्ताच सुरू झालीय. मला दहावा क्रमांक नको. बॉल गेल्यावर विंगर धावत परत येतो की नाही, एवढ्यावर मी या कोचला मोजेन.

तपकिरीसोनेरी, हॉजबद्दल लिहिलंत ते मला या सगळ्या चर्चेत सगळ्यात उपयोगी वाटलं. पार्करला आणलं ते बहुधा असाच आवाज हवा म्हणून, पण तो मिडफील्डर, बॅकलाइनला उभा राहून सगळ्यांना हलवणारा नाही. शीझल 21 वर्षांचा आहे, मोठ्यांवर ओरडायला तो धजेल का, ही माझी खरी शंका. पण करून बघण्यासारखं आहे. निदान सराव सामन्यांत पहिले दोन क्वार्टर त्याला मागे ठेवावं आणि फरक पडतो का ते बघावं. फक्तनिकाल, तुमचा विरोध समजतो, पण मागून बॉल बाहेर काढणारा तो असला तर मुळात टर्नओव्हर (बॉल समोरच्याकडे जाणं) कमी होतील आणि लार्कीला बॉल लवकर मिळेल. यात त्याचं नुकसान नाही.

कराराचं म्हणाल तर 2027 पर्यंत तो आहेच. हाकला म्हणणाऱ्यांत मी नाही. पण वाढवायचा की नाही हे क्लबने 2026 च्या मध्यावर, बायच्या (आपला सामना नसलेल्या) आठवड्यात ठरवावं. त्याआधी घाईने सही झाली तर सभासद म्हणून मी बोर्डाला पत्र लिहीन, आणि इथल्या ज्यांना पटेल त्यांनीही लिहावं.