चेक भाषेतील कमांड इंग्रजीभाषक घरच्यांना कशा शिकवाव्यात?

कोलंबसकर :
नमस्कार. आमच्याकडे नुकताच जर्मन शेफर्ड जातीचा अडीच वर्षांचा कुत्रा आला आहे. त्याचा जन्म आणि सुरुवातीचे प्रशिक्षण चेक प्रजासत्ताकात झाले असल्यामुळे त्याला फक्त चेक कमांड समजतात. ज्यांच्याकडून तो घेतला त्यांनी कमांडचा एक छापील कागद दिला आहे, परंतु त्यावरील उच्चार इंग्रजी वाचकांसाठी इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिलेले असून घरातील प्रत्येक जण ते आपापल्या परीने वाचतो. माझे पती अमेरिकन आहेत आणि मुलगाही इंग्रजीतच बोलतो. पायाशी चालण्याच्या कमांडला पती 'कनोझी' म्हणतात, मुलगा नुसते 'नोझी' म्हणतो, आणि कुत्रा मान तिरकी करून दोघांकडे आळीपाळीने पाहत राहतो. मोकळ्या जागेत त्याने हाकेसरशी परत येणे आवश्यक आहे, म्हणून विचारते : इंग्रजी वळणाच्या जिभेला हे उच्चार कसे शिकवावेत, की सरळ इंग्रजी कमांड सुरू कराव्यात?

ब्र्नोनिवासी :
तो कागद आधी बाजूला ठेवावा. चेक लिपी बरीच नियमित आहे आणि तिचे उच्चार इंग्रजी स्पेलिंगपेक्षा देवनागरीत अधिक जवळून उतरतात, त्यामुळे शिकवण्याचे काम आपणच करावे हे उत्तम.

सर्वांत महत्त्वाचा नियम आघाताचा आहे. चेकमध्ये आघात शब्दाच्या आरंभी पडतो, आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे आघातावर मुळीच अवलंबून नसते. इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र आघात आला की स्वर लांबवायची आणि उरलेले स्वर पुसट करायची सवय असते. जागेवर थांबण्याची कमांड 'झूस्तान्य' अशी आहे. तिच्यात 'झू' दीर्घ आणि ठाशीव, 'स्ता' आखूड पण स्पष्ट, आणि शेवटी स्वर नसलेला 'न्य' येतो. (मी लिहितो तो झ सर्वत्र 'जरा'मधल्या ज-सारखा म्हणावा.) पतींना 'कॅन्यन' हा शब्द म्हणायला लावून 'न्य'पाशी थांबवावे, तो ध्वनी त्यांना आधीपासूनच येतो.

पायाशी चालण्याची कमांड 'क्नोझे' आहे. लिहिताना क वेगळा असला तरी बोलताना तो पुढच्या शब्दाला चिकटतो आणि मध्ये कोणताही स्वर येत नाही. इंग्रजीत 'नाइफ'च्या आरंभीचा के मुका असल्यामुळे मुलगा तो गाळतो, तर पती मध्ये अ घालतात. शिवाय इंग्रजीत शब्दारंभीचा क बराचसा ख-कडे झुकतो, परंतु स-नंतर आला की स्वच्छ अल्पप्राण होतो, जसे 'स्किन'मध्ये. म्हणून आधी 'स्क्नोझे' असे घोकवून घ्यावे आणि मग स काढून टाकावा. हाच नियम प आणि त यांनाही लागू आहे. 'आपोर्त' म्हणताना आघात चुकून 'पो'वर गेला की त्याचे 'अफोर्ट' होते.

परत बोलावण्यासाठी 'केम्न्ये' म्हणतात. येथे जोर 'के'वर द्यावा. इंग्रजी माणूस हमखास तो शेवटी देऊन 'केमनी' म्हणतो.

आपल्यासाठी दोन गोष्टी. 'बस'साठी जी कमांड आहे तिच्यात द-ला लागून मृदू न (वरचाच 'न्य') येतो, आणि मराठी माणूस 'ज्ञानेश्वर' म्हणताना नेमका हाच जोड उच्चारतो, त्यामुळे 'सेज्ञि' असे लिहून मराठी पद्धतीने वाचले की काम झाले. शेवटची वेलांटी ऱ्हस्वच ठेवावी, आपल्या शुद्धलेखनाच्या सवयीने ती दीर्घ होऊ पाहते. 'झोप'साठी 'लेह्न्यि' आहे, आणि तेथे मात्र आपण घसरतो, कारण आपण 'ब्राह्मण' लिहून 'ब्राम्हण' म्हणणारी माणसे आहोत आणि या ह-चेही तसेच 'लेन्हि' करून टाकतो. इंग्रजीत ह अशा जागी येतच नाही, म्हणून ते लोक तो गाळून 'लेनी' म्हणतात. चेक ह आपल्या ह-सारखाच घोष आहे. पतींना तो 'अहेड' या शब्दात सापडेल.

सैल पट्टा :
मी टेक्ससमध्ये आयजीपी या क्रीडाप्रकारासाठी (माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण यांची कुत्र्यांची स्पर्धा) कुत्रे तयार करतो. वरील विवेचन अचूक आहे, परंतु त्यातील सर्वच बारकावे कुत्र्याच्या दृष्टीने सारख्या मोलाचे नाहीत. कुत्र्याला एक कमांड दुसरीपासून वेगळी ऐकू येणे महत्त्वाचे असते. 'सेज्ञि' आणि 'लेह्न्यि' यांचा शेवट सारखाच असल्यामुळे तेथे आरंभ नेमका हवा, आणि 'लेह्न्यि'मधला ह तर कोणत्याही परिस्थितीत गळता कामा नये. 'सोड' या अर्थाच्या 'पुस्त्य'चे कोणी 'पूस्ट' केले तर कुत्रा चार दिवसांत जुळवून घेतो, फक्त घरातल्या सर्वांनी एकसारखे 'पूस्ट' म्हणायला हवे. आयजीपीच्या स्पर्धेतही कमांड कोणत्याही भाषेत चालते, अट इतकीच की एका कृतीसाठी एकच शब्द वापरावा.

चेक वंशावळीतले हे कामाचे कुत्रे मुख्यतः पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियाच्या सीमारक्षक दलाच्या पैदाशीतून आलेले आहेत, आणि ते माणसाच्या हालचालींकडे फार बारकाईने पाहतात. आपला कुत्रा आधीच्या हँडलरच्या शब्दांइतकाच त्याच्या हाताच्या आणि खांद्याच्या खुणांवरही चालत असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे शक्य असल्यास त्या हँडलरचा एखादा व्हिडिओ मागवावा, आवाज बंद करून एकदा पाहावा आणि नंतर आवाजासह ऐकावा.

इंग्रजीकडे वळायचे असल्यास नवा शब्द आधी म्हणावा, क्षणभर थांबून जुना चेक शब्द म्हणावा, आणि कृती होताच खाऊ द्यावा. दोन्ही शब्द एकदम म्हटले किंवा जुना आधी म्हटला, तर कुत्रा नव्या शब्दाकडे लक्षच देत नाही. माझे स्पष्ट मत असे की परत बोलावण्याची कमांड सध्या बदलूच नये, आणि ती पक्की होईपर्यंत मोकळ्या जागेत लांब दोरी लावूनच त्याला सोडावे. परक्या भाषेतल्या कमांडमुळे अनोळखी माणूस कुत्र्यावर हुकूम चालवू शकत नाही, हे विक्रेत्यांचे आवडते बोलणे मात्र फारसे मनावर घेऊ नये.

कोलंबसकर :
दोघांचेही आभार. व्हिडिओसाठी आजच लिहिते. अजून दोन शंका : पुढे पाठवण्याच्या कमांडमधला तो विचित्र र कोणालाच जमत नाही, आणि कौतुकाचा शब्द आम्ही 'हॉडनी' असा म्हणतो, तो बरोबर आहे का?

ब्र्नोनिवासी :
त्या र-साठी जिवाचे रान करू नये. र थरथरवतानाच त्यात श-चे घर्षण मिसळावे लागते, आणि चेक मुलांनाही तो उशिरा येतो. त्यासाठी कित्येकांना वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावे लागते. अध्यक्ष वाच्लाव हावेल यांचे र तर आयुष्यभर प्रसिद्ध होते. घरी 'फ्प्रशेत' असे ठरवून टाकावे. आरंभीचा व प-च्या शेजारामुळे फ होतो आणि शेवटचा द हा त होतो, एवढे सांभाळले तरी पुष्कळ झाले.

कौतुकाचा शब्द 'होद्नी' असा म्हणावा, त्यातला ओ गोल व आखूड आणि शेवटची ई खरोखरच दीर्घ असते. येथला न साधा आहे, 'सेज्ञि'मधल्यासारखा मृदू नाही. हे रूप नरासाठी आहे. पुढेमागे मादी आणलीत तर तिला 'होद्ना' म्हणावे लागेल, आणि त्यातला आ दीर्घ असतो.